कळलावी आणि दोन ससे

“माझ्या सशांच्या केसाला धक्का लागला, तर मिशी उतरवीन!”

अठ्ठावन्न सालच्या गौरी-गणपतीला म्हसळ्यात भर अंगणात दिनानाथने जाहीर केलं. गिरणीतून रजेवर येताना त्याने मुंबईहून कापूस आणि साखर ही सशांची जोडी आणली होती. पोटच्या पोरांसारखा जीव होता त्याचा त्यांच्यावर!

बंदोबस्तही तसाच. पताका आढ्याला, समईभोवती आडवे पाट! उरली फक्त गौर. ती यायची रानातल्या फुलापानांची, आणि त्यात लाल-पिवळी कळलावी. दिसायला देखणी, पोटात गेली तर जहर!

गौरीच्या सकाळी बायको कोकिळा कवळाभर फुलं घेऊन दारात आली. दिनानाथ आतून ओरडला, “कोकिळे, ती कळलावी घरात न्हाय घ्यायची! भायेरच ठेव!”

आणि नेमकी कोकिळेच्या मागे, एस.टी.तून उतरलेली माणगावची आते आवडाबाई उभी! तिने आजवर चार घरांच्या चुली वेगळ्या केल्या होत्या. लोक पाठीमागे आपल्याला काय म्हणतात, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

“मला कळलावी म्हनतोस?”

“तुमाला न्हाय, आते! तिच्या मुळातच ईख हाय!”

“मुळात? माझा बाप म्हंजे तुझा आजा रे!”

“आवो, माझी दोन्ही लेकरं मारंल ती!”

“आता मी लेकरंबी मारते?”

आवडाबाईने उंबऱ्यावरच बसकण मारली. “आता गौर माझ्या अंगावरनं न्या!”

कोकिळेच्या हातातली फुलं भुईवर पडली. साखर टोपलीतून टुणकन उडाली ती थेट कळलावीकडे! दिनानाथ धावला, स्वतःच मांडलेल्या पाटाला अडखळला आणि आडवा झाला.

“आते, धरा तिला!” कोकिळा किंचाळली. “कळलावी त्या फुलाचं नाव हाय!”

“ह्ये? आमच्याकडं याला गौरीचं हात म्हनतात!” म्हणत आवडाबाईने पदर जाळ्यासारखा फेकला. साखर पदरात!

कळलावी गौरीच्या खांद्याशी उंच बांधली गेली. ससे धडधाकट! दिनानाथने मिशीला पीळ दिला. आनंदाने त्याचा ऊर भरून आला आणि त्याने आतेचे पाय धरले. “तुमी व्हता म्हनून वाचली!”

आवडाबाई विरघळली. मांडीवरच्या साखरेला कुरवाळत म्हणाली, “मंग! तुझी बायको तर हातातली फुलं टाकती. तिच्या भरवशावर ही लेकरं सोडून मी न्हाय जायची. दिवाळीपतुर ऱ्हाते!”

कोकिळेने दिनानाथकडे नुसतं पाहिलं. मिशी शाबूत होती, पण तिला दुसरा पीळ द्यायचं धाडस काही त्याला झालं नाही.