अकरावीचा डी आणि आत्याचा टिळा

हेराकाजी शाक्यांनी सकाळपासून घरात कुणाला खोकूसुद्धा दिलं नव्हतं. वरच्या खोलीत त्यांची मुलगी प्रजिता लॅपटॉपसमोर बसली होती. नॉर्वेच्या विद्यापीठातल्या बाई तिच्याशी बोलणार होत्या. दहावीला ए प्लस, बारावीला ए, आणि मध्येच अकरावीला भौतिकशास्त्रात डी. त्या डीपायी प्रवेश हुकेल, या धास्तीनं बापलेकीला झोप नव्हती.

"आई गेली त्या वर्षी, एवढंच सांग," हेराकाजी म्हणाले.

"नको बाबा. आईच्या नावावर मला प्रवेश नकोय. आजारी होते म्हणेन."

"अख्खं वर्ष?"

एवढ्यात पडद्यावर बाई उगवल्या आणि दारात आत्या. हेराकाजींची थोरली बहीण लानीमाया सगुनाचं, म्हणजे शुभकार्याआधी हातात द्यायच्या शकुनाचं ताट घेऊन आली होती. तळलेलं अंडं, सुका मासा, दारूची वाटी आणि शेंदरात कालवलेल्या दही-अक्षता.

"ताई, थांब! मुलाखत चालू झाली!"

"मग आत्ताच द्यायला हवं. झाल्यावर देऊन काय उपयोग?"

तिनं प्रजिताला टिळा लावला, उजव्या हातात अंडं-मासा दिला, डाव्यात वाटी. सगुन एकदा हातात घेतलं की खाली ठेवता येत नाही. प्रजितानं अंड्याचा घास घेतला आणि नेमकं तेव्हाच बाईंनी विचारलं, "अकरावीत काय झालं?"

प्रजिताचं तोंड भरलेलं. आत्या पडद्याकडे बघत होती.

"ह्या कोण रे?"

"ह्याच घेणार आपल्या पोरीला."

"अगंबाई! आणि यांचंच कपाळ रिकामं?"

हेराकाजी धावले, पण बाईंचं कपाळ पडद्याच्या अगदी वरच्या कडेला होतं. आत्याचा टिळा कपाळाला लागला आणि कॅमेऱ्यालाही.

"मला सगळं लाल दिसतंय," बाई म्हणाल्या. "तू आहेस ना?"

"आहे." प्रजितानं घास गिळला. आपण दिसत नाही म्हटल्यावर तिला खोटं बोलायचाच कंटाळा आला. "अकरावीत माझी आई गेली. बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. सकाळी डाळभात करून कॉलेजात पोचायचे, तोवर भौतिकशास्त्राचा तास संपलेला असायचा."

हेराकाजींचं इंग्रजी बेताचंच, पण एवढं त्यांना समजलं. आपण रोज वेळेवर जेवत होतो, ते कशाच्या बदल्यात, हे त्यांना आज कळत होतं.

"मग तू इकडे आल्यावर ते काय खातील?" बाईंनी विचारलं.

हेराकाजींनी डोक्यावरची टोपी काढून खसाखसा कॅमेरा पुसला आणि पडद्यात तोंड घातलं. "सांग त्यांना, मला भात येतो म्हणावं!"

"करपलेला," आत्या म्हणाली.

प्रजितानं त्यातलं अर्धंच इंग्रजीत सांगितलं.

बाई हसल्या. "प्रवेश तर गेल्याच आठवड्यात दिलाय. कळवायचं राहिलं बहुतेक. आमच्या वसतिगृहात मुलं आळीपाळीनं स्वयंपाक करतात आणि धड कुणालाच येत नाही. तुला येतो का, तेवढं विचारायचं होतं. अकरावीचं आपलं सहज विचारलं."

कॉल बंद झाला. तिघंही जमिनीवरच बसली. किती तरी दिवसांनी हेराकाजींना मोकळा श्वास घेता आला.

"तिकडे गेलीस की रोज फोन करायचा," ते म्हणाले.

"आठवण येईल म्हणून?"

"नाही. डाळीत मीठ किती, ते विचारायला."

"येतो म्हणालात ना स्वयंपाक?"

"भात येतो म्हणालो. डाळीचं त्यांनी कुठे विचारलं?"