जगदेवचं नाही

सोमवारी सकाळी नानाजींनी जगदेवकडून शाळेच्या बसची किल्ली मागून घेतली. भांडायला जागाच नव्हती, कारण आपण दारू पिऊन बस चालवतो हे जगदेवने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. ज्या माणसाला लग्नाच्या वरातीत पिणाऱ्यांच्या शेजारी उभं राहिलं तरी मळमळतं, त्याने असं का लिहावं? ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

नानाजी म्हणजे शाळेचे अध्यक्ष. पंधरा दिवसांपूर्वी ते वाशीमला कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक नवीन खूळ घेऊन आले. बसचालकाची मानसिक चाचणी. झालं, वाशीमच्याच एका कापडवाल्यांची मुलगी, मानसशास्त्र शिकून नुकतीच घरी आलेली नमरा, हिला बोलावलं. चाचणी बाहेरच्या कुठल्या कंपनीने मराठीत आणलेली. एकशे वीस वाक्यं, प्रत्येकापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. उद्घाटन म्हणून पहिला पेपर खुद्द नानाजींनी सोडवला. त्यात एक खोटेपणाची पट्टी असते. माणूस स्वतःला किती गोड करून सांगतो ते ती मोजते. नानाजींचा आकडा आला शून्य. त्यांनी तो कागद काचेत मढवला, खुर्चीमागच्या भिंतीवर लावला आणि येईल त्याला मान वळवून दाखवायला लागले.

मग पाळी आली जगदेवची. किन्हीराजा गावची बेचाळीस पोरं सहा वर्षं सुखरूप ने-आण करणारा हा माणूस पेपरला बसला आणि त्याने जे खरं ते लिहिलं. इतरांना येत नाहीत असे आवाज मला ऐकू येतात? होय. गिअरबॉक्स कुरकुरायला लागला की तो याला आठ दिवस आधी ऐकू येतो, मेकॅनिकला नाही. माझ्यावर कोणीतरी सतत नजर ठेवते? होय. बसमध्ये कॅमेरा आणि घरासमोर भुरीबाई. लोक माझ्या पाठीमागे बोलतात? आता बेचाळीस पोरं पाठीमागेच बसलेली असतात, ती बोलणार नाहीत तर काय करतील?

नमराने पेपर तपासला आणि तिला घाम फुटला. विचित्र उत्तरं मोजणारी दुसरी एक पट्टी थेट वरच्या टोकाला भिडली होती. पुस्तकात लिहिलं होतं की अशा वेळी निकाल ग्राह्य धरू नये, पुढचं काही तपासू नये, चाचणी पुन्हा घ्यावी. तिची पहिलीच नोकरी. तिने पुस्तकाचं ऐकलं आणि शनिवारची तारीख दिली.

घरी हे ऐकून जगदेवच्या बायकोने, रुपाबाईने, कपाळाला हात लावला. "इतकं खरं कायले लिहून आले तुमी? परीक्षा हाये ते. चांगलं चांगलं लिहा."

शनिवारी जगदेवने चांगलं चांगलं लिहिलं. 'मी कधीच खोटे बोललेलो नाही.' छे, कधीच नाही बोललो. त्याने 'नाही'वर खूण केली. 'मला कधीच राग येत नाही.' कुठला राग? नाही. 'मी कधीच कोणाची निंदा केलेली नाही.' नाही, नाही. असं करत तो सत्त्याऐंशीव्या वाक्याशी पोचला. 'मी कधीही दारू पिऊन वाहन चालवलेले नाही.' इथे तर खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. त्याने 'नाही'वर अशी जोरात खूण केली की कागद फाटता फाटता राहिला.

सोमवारी नमराने तपासणीचा छिद्रांचा कागद उत्तरांवर ठेवला. पुस्तकाप्रमाणे 'नाही' म्हणजे समोरचं वाक्य खोटं, म्हणजे आपण खोटं बोलतो, रागावतो हे याने कबूल केलंय. खोटेपणाची पट्टी, शून्य. म्हणजे हा माणूस थापा मारत नाही. म्हणजे तो लिहितो ते खरं धरायचं. आणि सत्त्याऐंशीला त्याने लिहिलंय की चालवलेले नाही, हे बरोबर नाही. म्हणजे चालवतो. बेचाळीस पोरं घेऊन. ती तशीच उठली आणि नानाजींकडे गेली.

किल्ली गेल्यावर जगदेव घरी गेला नाही. तो नमराच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून राहिला. दुपारी तिने त्याला आत बोलावलं. तिलाही चैन नव्हतं.

"मी कधीही दारू पिऊन वाहन चालवलेले नाही. यावर तुमचं उत्तर काय?"

"नाही."

"म्हणजे चालवलं?"

"नाही जी."

"मग 'होय' का नाही लिहिलं?"

"होय कसं लिहू, मॅडम? होय लिहिलं तं चालवली असं होते ना. नाही चालवली, म्हून नाही लिहिलं."

नमराला घरचं आठवलं. तिची अम्मी रोज विचारायची, खाना नहीं खाया? आणि ही उपाशी असली की म्हणायची, नहीं. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ती रोज पोटभर जेवत होती. पोरीला आपल्याच शहाणपणाचा इतका राग आला की तिने पुस्तक खणात टाकलं आणि जगदेवला एकेक वाक्य तोंडी विचारायला घेतलं. तेव्हा गिअरबॉक्स निघाला, कॅमेरा निघाला, भुरीबाई निघाली आणि रुपाबाईचा सल्लाही निघाला. तासाभराने ती त्याला घेऊन नानाजींसमोर उभी राहिली.

तिने सगळं समजावलं. 'नाही'चा अर्थ आपल्याकडे बोलतात तसा धरला, तर जगदेव दारू पिऊन गाडी चालवत नाही. पण त्याच हिशेबाने खोटेपणाची पट्टी शून्यावरून पंधरापैकी पंधरावर जाते.

"मंजे एका रीतीनं हा बेवडा अन् दुसऱ्या रीतीनं लबाड," नानाजी म्हणाले. "मी पोरायच्या मायबापाले काय सांगू?"

"नानाजी, हीच रीत सगळ्यांच्या पेपरला लागेल. तुमच्यासुद्धा. जगदेवभाऊ बाहेर थांबले तर बरं होईल."

"काहून? राहू द्या त्याले इथंच. माह्यं काही लपवाचं नाही, भिंतीवर लावून ठेवलं हाये मी."

नमराने फाइलीतून नानाजींचा पेपर काढला. त्या वेळी तिने फक्त आकडा मोजला होता, वाक्यं कोण वाचतं? सत्त्याऐंशीवर तिने बोट ठेवलं. तिथे ठळक खूण होती. नाही.

"मंग? मी दारू पेतच नाही तं नाहीच लिहीन ना," नानाजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज उतरला. त्यांनी हळूच मान वळवून भिंतीकडे पाहिलं. जुन्या रीतीने ते सत्यवचनी होते, पण पिऊन गाडी चालवत होते. नव्या रीतीने पीत नव्हते, पण पंधरापैकी पंधरा. पहिली रीत घरी कळली असती तर बायकोने, रंगूबाईंनी, त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. दुसरी गावात कळली असती तर पुढची निवडणूक गेली असती.

शेवटी नमराच म्हणाली, "चूक कागदाची आहे आणि माझी आहे. कंपनीला मी आजच कळवते. जगदेवभाऊंचा पहिला पेपर अगदी खरा होता, फक्त मी त्यांना विचारलं नाही. त्यांची किल्ली द्या."

नानाजींनी खुर्चीवर चढून काचेची चौकट काढली आणि कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या खाली, उलटी ठेवली. मग खिशातून किल्ली काढून जगदेवच्या हातावर ठेवली. जगदेवने ती दोन्ही हातांनी घेतली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण शाळा सुटायला पाचच मिनिटं उरली होती.

तो दाराशी पोचला तेव्हा नानाजींनी हाक मारली. "जगदेव, हे भिंतीवरच्या कागदाचं कोणाले सांगणार तं नाहीस ना?"

"नाही," जगदेव म्हणाला आणि गेला.

खाली बस सुरू झाल्याचा आवाज आला, पोरांचा गलका झाला, बस फाटकाबाहेर पडली. नानाजी तरीही दाराकडेच पाहत होते.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "यानं आता कोणत्या रीतीनं नाही म्हटलं?"