नसीमच्या खोलीतला माणूस

आष्टीच्या बाजारात संत्री-मोसंबी विकणाऱ्या हैदरभाईंनी गुपचूप केजला जायचं ठरवलं, तेव्हा बेत साधा होता. जायचं, बघायचं आणि पोरीला घेऊन परत यायचं. थोरली लेक नसीम दोन वर्षांपासून केजच्या दूध संघात दूध तपासायच्या नोकरीला होती, एकटीच खोली घेऊन राहायची. तिच्या आईचा, आमिनाबींचा, याला पाठिंबा होता. हैदरभाईंचाही होता (म्हणजे त्यांना कोणी विचारलं नव्हतं). पण परवा एक नातेवाईक दुकानावर टेकला आणि मोसंबी सोलता सोलता सांगून गेला, की नसीमच्या खोलीत कोणी पुरुष राहतो. गल्लीनं आवाज ऐकलाय.

हैदरभाईंनी बायकोला नगरला माल बघायला जातो म्हणून सांगितलं आणि पहाटेची बीडची एसटी धरली.

केजला उतरून, विचारत विचारत ते त्या गल्लीत पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. निम्मी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं आणि पुढे बाभळीच्या काट्या ओढलेल्या. उरलेली गल्ली उन्हाला भिऊन घरात. रस्त्याच्या कडेनं टँकरच्या पाण्यासाठी रांग लागली होती, पण तीत एकही माणूस नव्हता. घागरी, पिंपं, फुटके डबे एकामागे एक तोंडं वासून उभे होते. कुत्रं नाही, कावळा नाही. "कोनी हाय का?" म्हणून हैदरभाईंनी हाक मारली, तर ती एका रिकाम्या पिंपात शिरून भलत्याच आवाजात बाहेर आली. त्यानंतर ते का कोण जाणे, चवड्यावर चालू लागले.

नसीमचं दार शेवटचं. बाहेरून कुलूप. उंबऱ्याशी पुरुषी चपलांचा जोड. हैदरभाईंनी दाराला कान लावला.

आत कोणीतरी खोकलं. मग घसा खाकरून जड आवाजात म्हणालं, "कोन हाय बे तिकडं?"

आवाज ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नव्हे, त्यांचाच होता. तोच खोकला, तीच लांबलचक जांभई, जांभईच्या शेवटी तेच "या अल्ला". त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवून पाहिली. ओठ मिटलेले होते. आत मात्र ते बोलतच होते.

मांजरसुंब्याच्या घाटात गाडीला मोठा हिसका बसला होता. त्यातच आपण गेलो असणार, हैदरभाईंच्या मनात आलं. खाली पाहिलं तर सावलीसुद्धा पायाशी एवढीशी उरलेली (भर दुपारी सगळ्यांचीच तेवढी उरते, पण अशा वेळी हे सुचत नाही). खात्री करायला त्यांनी खिडकीच्या फटीला डोळा लावला. अंधारात खाटेवर कोणीतरी डोक्यावरून गोधडी घेऊन पडलं होतं. गोधडीतून त्यांचाच आवाज आला, "नसीम, दार लावून घे."

आणि मागून कोणीतरी त्यांची मानगूट धरली.

ती शेजारीण होती, कडूबाई. दुसऱ्या हातात विळा.

"एकट्या पोरीच्या खिडकीत डोकावतो व्हय?" ती म्हणाली. "आत तिचा बाप आजारी पडलाय, कळत न्हाई?"

"बाप मीच हाय," हैदरभाई कसेबसे म्हणाले.

"मग आत खोकतंय कोन?"

या प्रश्नाचं उत्तर हैदरभाईंनाही हवंच होतं.

कडूबाईनं त्यांना समोरच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि नसीम येईपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं. हैदरभाई बराच वेळ स्वतःला खोकताना ऐकत बसले. मग आत खट् असं काहीतरी वाजलं आणि सगळं शांत झालं. कडूबाईनं आवाज खाली आणला.

"झोपला बिचारा. आता हळू बोला."

नसीम संघातून आली, बापाला पाहून जागीच थांबली. एकदा विळ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"सोडा त्यांना, मावशी," ती म्हणाली. "चुलते हायेत माझे, बापावानीच. अब्बाला बघायला आलेत."

आत गेल्यावर तिनं गोधडी काढली. खाली दोन उशा आणि टेपरेकॉर्डर. नोकरीला यायच्या आधीच्या ईदला हैदरभाई ओसरीत पडल्या पडल्या जे काही खोकले, कुरकुरले, ते तिनं गुपचूप भरून घेतलं होतं. चार घरमालकांनी एकट्या मुलीला खोली द्यायला नकार दिला होता. पाचव्याला तिनं सांगितलं, की आजारी वडील सोबत आहेत. खोकला दुसऱ्यालाही लागतो म्हटल्यावर आत यायची कोणाची छाती झाली नाही. कामाला निघताना आणि मधल्या सुट्टीत येऊन ती बटण दाबून जायची.

"आधी कोनीबी कडी वाजवायचं, अब्बा," ती म्हणाली. "आता न्हाई वाजवत."

हैदरभाई खाटेवर बसले. गाडीत घोकत आणलेलं सगळं बोलणं त्यांना अजून पाठ होतं, पण बाप तर दोन वर्षं इथंच राहत होता, त्यानं आता नव्यानं काय सांगायचं? शेवटी ते एवढंच म्हणाले, की टेप फार घरघरतेय, नवी भरू. त्यांनी मन लावून खोकून दाखवलं. नसीमनं ऐकून पाहिलं आणि जुनीच बरी म्हणून परत लावली.

चारच्या गाडीला ते निघाले तेव्हा कडूबाई दारात उभी होती.

"भाऊ तुमचा सोन्यासारखा मानूस हाय," ती म्हणाली. "दोन वर्सांत कुनाच्या खिडकीकडं बघितलं न्हाई त्यानं. तुमी त्याच्याहून थोरले का धाकटे?"

"धाकटा," हैदरभाई म्हणाले.

"तरीच," कडूबाई म्हणाली.