ट्री रोझेस

नोरीनला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि यंदा नुसतं कार्ड पाठवून भागवायचं नाही, असं फिनबार क्रोलीने ठरवलं. ही त्याची धाकटी बहीण चाळीस वर्षांपूर्वी आयर्लंडमधलं कॉर्क सोडून इंग्लंडला गेली, ती तिकडचीच झाली. आई गेल्यापासून बारा वर्षांत तर घरी फिरकलीही नव्हती. फोन यायचा तो नाताळला, तोही हवापाण्यापुरता.

तिच्या गावातल्या फुलांच्या दुकानात त्याने फोन लावला. फिनबारच्या मुलखात 'थ' कुणाच्या जिभेवर चढत नाही. 'थ्री'चं तिथे 'ट्री'च होतं, आणि त्यावाचून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"ट्री रोझेस. लाल," तो म्हणाला.

"ट्री? नक्की ना?" पलीकडच्या पोरीने विचारलं.

"ट्रीच. तिला कळेल."

एक आईचा, एक तिचा, एक आपला, असं त्याच्या मनात होतं. पण ते परक्या पोरीला कशाला सांगायचं!

शनिवारी सकाळी नोरीनचा फोन.

"फिनबार, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तिसऱ्या मजल्यावर राहते मी! दोन माणसांनी कुंडीसकट गुलाबाचं झाड आणून ठेवलंय. दारसुद्धा उघडत नाहीये!"

"झाड? अगं, मी ट्री रोझेस सांगितले होते!"



"थ्री म्हणावं रे, थ्री! जीभ दातांत धर जरा." नोरीनने स्वतःची जीभ केव्हाच घासूनपुसून इंग्लिश करून घेतली होती. "थांब, मीच बोलते त्यांच्याशी."

दुपारी पुन्हा फोन. आवाज पडलेला.

"आणखी एक आलं."

"काय?"

"झाड. भांडता भांडता माझा पारा चढला आणि..."

"आणि?"

"ट्री निघालं तोंडातून."

फिनबारला हसू आवरेना. तीही हसायला लागली, लहानपणी जेवताना हसायची तशी, नाकातून. मग एकदम म्हणाली,

"ते 'ट्री' अगदी आईसारखं आलं रे. मला वाटलं होतं, पार गेलं असेल."



"आपल्या घराच्या परसात जागा आहे," फिनबार म्हणाला.

"बोटीवर झाडं घेऊ देतात का?"

"विचारतो."

"तू नको विचारूस!" नोरीन घाईघाईने म्हणाली. "तू खड्डे खणायला घे."