मिरची दोनदा

वर्तकनगरच्या गुणाजी नाखव्यानं घरचा मसाला अमेरिकेत ठेवायचं ठरवलं, त्याला कारण झालं एक कॅलेंडर.

नाखव्यांच्या घरी वर्षाच्या मसाल्याचं प्रमाण कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलेलं असे. एक जानेवारीला नवं कॅलेंडर खिळ्यावर चढलं, जुनं रद्दीत गेलं, आणि मार्च उजाडल्यावर गुणाजीच्या बायकोच्या, नंदाच्या, लक्षात आलं की आपण घरची चव रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. प्रमाण सांगू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे गुणाजीची आई भागीरथीबाई. पण त्या आयुष्यात मोजून काही घालत नसत. विचारलं की म्हणायच्या, "मिरची मोजाची नसते बाला, मिरची वलखाची."

गुणाजीनं धसकाच घेतला. आई सत्तरीला टेकलेली. कोळीवाडा सोडून कॉलनीत आल्यापासून होडी गेली, जाळी गेली, बोलीसुद्धा निम्मी गेली. उरला होता तो हा मसाला. तोही गेला, तर आपण कोळी आहोत हे ताटातल्या बांगड्याला तरी कसं कळायचं?

त्यानं ऑफिसातल्या कॉम्प्युटर खात्याच्या सुधीरला गाठलं. (गुणाजीकडे सेकंडहँड कॉम्प्युटर होता. त्यावर तो पत्ते खेळायचा आणि पाहुण्यांना तो चालू करून दाखवायचा.)

"घरच्या मशीनवर ठेवशील, तर मशीन बसलं की सगळं गेलं," सुधीर म्हणाला. "अमेरिकेत इंटरनेटवर फुकट जागा मिळते. तिथे तुझ्या नोट्स ठेव. कोणी, कधी, काय बदललं आणि का बदललं, सगळं तिथे राहतं. पुसलं काहीच जात नाही. वाटलं की मागच्या आवृत्तीवर जायचं."

"म्हणजे केलेली चूक मागे घेता येते?"

"केव्हाही."

लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाला याहून मोठं आमिष काय दाखवणार! गुणाजीनं त्याच आठवड्यात फोनच्या वायरीला मोडेम जोडला.

भागीरथीबाईंनी कपाळाला हात लावला. "सेजारनीला कदी सांगला नाय, आन तू अमेरिकेला सांगतंस?"

"आई, कुलूप आहे त्याला. चावी फक्त माझ्याकडे आणि मालूकडे."

मालू ही त्याची धाकटी बहीण. राहायला शहाडला, आणि विठ्ठलवाडीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. आईचा अर्धा मुक्काम तिच्याकडे असायचा, म्हणून तिलाही चावी. आई वर्तकनगरला असली की जे सांगे ते गुणाजी इंग्रजी अक्षरांत टाइप करी, mirchi, dhane, dagadphool. आई शहाडला गेली की जे सांगे ते मालू टाइप करी. प्रत्येक वेळी बदलाचं कारण लिहावं लागे. ते तर गुणाजीला फारच आवडलं. "दगडफूल वाढवले. कारण : आई खूश होती." "दगडफूल कमी केले. कारण : नंदा काहीतरी बोलली." तेवढा वेळ फोन अडकलेला असायचा, आणि नंदाच्या माहेरी समज झाला होता की जावयानं फोनचं बिल भरलेलं नाही.

एप्रिलात मिरची आली. मसाला कुटायच्या डंकावर नंबर लागला. आदल्या संध्याकाळी गुणाजीनं अमेरिकेतून ताजं प्रमाण उतरवायला घेतलं, तर पडद्यावर भलतंच. मिरचीच्या ओळींच्या वर बाणांची रांग, मध्ये गणितातल्या 'बरोबर'च्या (=) चिन्हांची रांग, खाली पुन्हा बाण. सुधीर गावी गेलेला. गुणाजीनं चष्मा पुसला आणि निदान केलं : फोनच्या लायनीतला कचरा! खरखर तर रोजचीच होती. त्यानं तांदळातले खडे वेचावेत तसे ते बाण एकेक करून पुसले, पान स्वच्छ केलं, छापलं, आणि "साफसफाई" असं कारण लिहून पुन्हा अमेरिकेत ठेवून दिलं.

सकाळी डंकावर जाताना नंदानं कागद वाचला. "अहो, मिरची दोनदा आलीय. वरती ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी. खाली परत ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी. धणे एकदाच."

गुणाजीला उत्तर माहीत नव्हतं, पण म्हणून तो थांबला असता तर तो गुणाजी कसला? "पहिली रंगाला, दुसरी चवीला."

"आईंना फोन करूया का शहाडला?"

"आईनंच सांगितलेलं आहे सगळं! कॉम्प्युटर काय मनचं घालतो?"

नंदानं कागद पुढे केला आणि पदर नाकाला लावला. डंक चालू झाला. थोड्याच वेळात शेजारच्या शिंप्यानं शटर खाली ओढलं आणि रस्त्यापलीकडचा केळीवाला गाडी घेऊन पुढच्या नाक्यावर गेला.

त्या दिवशी दुपारी बांगड्याचं कालवण झालं. पहिल्या घासाला गुणाजीचे कान बंद झाले, दुसऱ्या घासाला उघडले. खिडकीतून खाली टाकलेलं बांगड्याचं डोकं खाल्लेली समोरच्या बिल्डिंगमधली मांजर त्यानंतर वर्तकनगरात कोणाला दिसली नाही.

"तुमच्या त्या अमेरिकेत मागे जाता येतं ना?" डोळे पुसत नंदा म्हणाली. "मग जा मागे. आणि यातली मिरची काढा."

सुधीर गावाहून आला तेव्हा उलगडा झाला. ते बाण कचरा नव्हते. भाऊ-बहीण दोघांनी एकाच आठवड्यात मिरचीचा आकडा बदलला होता. कॉम्प्युटरनं दोन्ही ओळी समोर ठेवून हात जोडले होते, की बाबांनो, तुमच्यात एकमत नाही, एक ठेवा, एक काढा. धण्यांवर भांडण नव्हतं, म्हणून धणे एकदाच आले. मिरचीवर भांडण होतं, म्हणून मिरची दोनदा आली.

आता शहाण्या माणसानं घरी येऊन चूक कबूल केली असती. गुणाजी घरी येऊन म्हणाला, "कोळ्याचा मसाला झणझणीतच हवा. इतकी वर्षं आपण बामणी जेवत होतो."

आणि तो हटला नाही. रोज जेवायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या आणि खांद्यावर टॉवेल. नाकाडोळ्यांतून धारा लागायच्या, पण तोंडातून हूं नाही. आतून त्याला लाज वाटत होती. आईची चव जपायला निघालेल्या लेकानंच ती बुडवली, हे त्याला टोचत होतं, आणि जितकं टोचे तितका तो आणखी रस्सा मागून घेई. बाकी सगळे मात्र मुकाट जेवत. महिन्याभरानं त्यानं अमेरिकेत अभिमानानं नोंद केली : "घरच्यांना सवय झाली. एकही तक्रार नाही." त्यानंतर तिकडे डोकावण्याची गरजच त्याला वाटली नाही.

गणपती झाल्यावरच्या एका रविवारी मालू आईला घेऊन जेवायला आली होती. नंदाचा हात पिठात होता, म्हणून गुणाजी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं कालवण स्वतः वाढून घ्यायला स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर दोन टोप होते, एक मोठा, एक इवलासा. त्यानं मोठ्यातलं घेतलं, तिथेच एक घोट मारला, आणि थबकला. तीच चव! कोळीवाड्यातली, आईच्या हातची! त्याचे डोळे भरून आले, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच मिरचीशिवाय भरून आले.

वाटी उंचावत तो बाहेर आला. "मुरला! बघा, मसाला मुरला! मी म्हणत होतो की नाही?"

मालू ताटात बघत राहिली. शेवटी भागीरथीबाई म्हणाल्या, "बाला, तू मोठ्या टोपान हात घातलास. त्यो आमचा."

"आमचा म्हणजे?"

"डंक झाला त्याचे दुसऱ्या दिशी नंदाचा फोन आला, आन मी मालूकरं परत कुटला. वलखून. एक बरनी तिचे घरान, एक हितं." त्यांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं आणि होडी-जाळ्यांच्या दिवसांतलं शहाणपण सांगितलं. "सगली जाली एके होरीन कोन ठेवतं र?"

"आणि माझा मसाला?"

"तुमचा तुम्हालाच वाढतो ना, त्या छोट्या टोपातला," नंदा म्हणाली. "तुम्हाला आवडतो म्हणालात. आम्ही कशाला मोडता घालू?"

गुणाजीनं वाटी आदळली आणि कॉम्प्युटर चालू केला. हा विश्वासघात नावानिशी नोंदवून ठेवायचा होता, कायमचा, न पुसता येणारा. पण नवं ठेवण्याआधी तिकडचं ताजं उतरवावं लागतं. त्यानं उतरवलं. आता तिथे एक नव्हे, दोन फाइली होत्या. पहिली "आईचा मसाला". दुसरी "दादाचा मसाला". दुसरीपुढे मालूनं त्याच्या शेवटच्या नोंदीच्या दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवलं होतं : "वेगळी केली. कारण : खाणारा एक."

गुणाजीनं बोटं मोडून त्याखाली टाइप केलं : "कोणाच्या बापाला भीत नाही. मीच संपवणार."

"वाढू का मोठ्या टोपातलं?" आतून नंदानं विचारलं.

"छोट्यातलं!" गुणाजी गरजला. "किती उरलाय तो मसाला?"

"साडेतीन बरण्या. पुढच्या वर्षी तुमच्यासाठी वेगळा कुटायला नको."

गुणाजीनं टॉवेल खांद्यावर टाकला. "चालेल," तो म्हणाला. "तांब्या भर."