जामिनावरची खुर्ची

आमच्या कोहक्याच्या गल्लीत रामटेकेभाऊंच्या घरी एक खुर्ची जामिनावर सुटलेली आहे. तिची जामीनदार मी.

रामटेकेभाऊ स्टील प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज होते. रिटायर झाले, प्लांटचं सेक्टर सहामधलं क्वार्टर सोडून इथे घर बांधलं, आणि वास्तुपूजन होते न होते तोच वहिनी गेल्या. मग वर्षभराने भाऊंनी ठरवलं, पावर हाउसच्या बाजारात मसाज सेंटर काढायचं. त्यासाठी परदेशातून एक मसाजची खुर्ची मागवली. ती नागपूरला पोचली आणि कस्टमने धरली. कागदावर लावलेली किंमत फारच कमी आहे, असा साहेबांना संशय आला.

भाऊ नागपूरला जाऊन आले ते तुरुंगातल्या मुलाला भेटून आल्यासारखे.

"ताई, गोडाउनात कोपऱ्यात पडून हाये बिचारी. धूळ बसली अंगावर."

शेवटी एजंटने मार्ग सांगितला. चौकशी पूर्ण होईपर्यंत माल तात्पुरता सोडतात; बँकेची हमी द्यायची, बॉन्ड लिहून द्यायचा, जामीनदार आणायचा. भाऊ माझ्या दारात उभे.

"कावून मीच?" मी विचारलं.

"गल्लीत तुमच्याच सहीले वजन हाये, ताई."

सही केली. खुर्ची टेम्पोतून आली. भाऊंनी तिला ओवाळलं.

अटी दोनच होत्या. निकाल लागेपर्यंत विकायची नाही आणि साहेबांनी बोलावलं की चालू हालतीत हजर करायची. वापरायला काही हरकत नाही, असं एजंट ओरडून सांगत होता. पण भाऊंनी प्लांटच्या शिस्तीने अर्थ लावला: जामिनावरच्या खुर्चीने कमाई करायची नाही, घराबाहेर पडायचं नाही. व्हरांड्यातसुद्धा नाही. दुकानाचा रंगवून आणलेला बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"पण चालू हालतीत ठेवा लागते ना! मशीन बंद ठेवलं का जाम होते. रोज लोड द्या लागते."

लोड म्हणजे आम्ही. रोज संध्याकाळी गल्लीने भाऊंच्या हॉलमध्ये जमायचं आणि फुकट मसाज घ्यायचा. ए शिफ्ट बायकांची, बी शिफ्ट पुरुषांची, आणि ज्यांना कोणाशी बोलायचं नसतं त्यांची सी. भाऊ शिटी फुंकून शिफ्ट बदलत. कोणी रेंगाळलं की, "उठा, रिलीव्हर येऊन राहिला!" वाट पाहणाऱ्यांना चहा, मुरमुऱ्याचा चिवडा, आणि खुर्चीच्या तब्येतीचा अहवाल.

रिमोटवरची अक्षरं चिनी. कोणतं बटण काय करेल याचा नेम नाही. मी गुडघ्यांसाठी बसले तर तिने माझी मान धरली. देशमुखकाकूंच्या वेळी तर कहरच झाला. खुर्चीने त्यांच्या पोटऱ्या आवळल्या आणि नेमकी विजेची लाईन गेली. पाय सुटेनात.

"अगा रामटेके, मले बी कस्टमनं धरलं का रे?" काकू किंचाळल्या.

"घाबरू नका, काकू. तुमाले बी जमानत भेटते!"

आम्ही हसून हसून जमिनीवर बसलो. लाईन येईपर्यंत भाऊ काकूंना पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि वहिनींच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवडीच्या गोष्टी सांगत होते. लाईन आली, पाय सुटले, तरी काकू उठल्या नाहीत. गोष्ट अर्धी राहिली होती.

गेल्या आठवड्यात दुपारी मला एजंटचा फोन आला.

"मॅडम, तुमचा बॉन्ड रद्द झाला, कागद घेऊन जा. निकाल तर केव्हाच लागला, खुर्ची मोकळी झाली. भाऊंनी सांगितलं नाही?"

संध्याकाळी मी तणतणत गेले. माणसाने जामीनदाराला अंधारात ठेवावं म्हणजे काय! हॉल भरलेला होता. भाऊ स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

"एजंटचा फोन आला होता," मी म्हटलं.

गाळणी हातातच राहिली. बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. भाऊंनी तिकडे कान दिला, मग खालच्या आवाजात म्हणाले, "सुटली म्हटलं तर दुकानात न्या लागन ना, ताई."

ओट्यावर गल्लीतल्या सगळ्यांचे कप मांडलेले होते. माझा बिनसाखरेचा वेगळा, बशी झाकून ठेवलेला.

मी कप उचलून बाहेर आले. खुर्चीत बसल्याबसल्याच देशमुखकाकूंनी मला गाठलं.

"तुम्ही जामीनदार ना वं? मग सांगा बरं, कधी सुटते ही खुर्ची?"

आतली खुडबुड थांबली.

"कस्टमची केस आहे, काकू," मी म्हटलं, "इतक्यात कुठली सुटते! उठा आता, माझी शिफ्ट आहे."

आतून शिटी वाजली. जरा उशिरानेच.