शिवलेला चहा

प्लंबरने सिंकखालच्या पाइपमधून मूठभर काळा गाळ काढला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि मास्तरांच्या मुलीकडे बघून म्हणाला, "तिसऱ्यांदा काढतोय, ताई. मागचा आणि हा, दोघे सख्खे भाऊ आहेत."

"चहाचा चोथा आहे," मुलगी म्हणाली.

"ते कळतं. पाइप उघडला तेव्हाच तरतरी आली."

मास्तर दारात उभे राहून हा पंचनामा ऐकत होते. ते शिंपी होते. चाळीस वर्षं दुकान चालवून झाल्यावर आता मशीन घरी आणून लोकांच्या पँटी लांड्या-लांब करून देत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, बायकोसुद्धा. बायको जाऊन अडीच महिने झाले होते. तोवर त्यांनी चहा फक्त कपाच्या बाजूने पाहिलेला असल्यामुळे, गाळणीत उरलेल्या चोथ्याचं पुढे काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते तो सिंकमध्ये टाकून वरून पाणी सोडत.

ते पाणी या वेळी खालच्या चष्म्याच्या दुकानात उतरलं होतं. एक गिऱ्हाईक भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होतं आणि तक्त्यावरून तपकिरी ओघळ आला. शेवटची ओळ हलते आहे, असं गिऱ्हाइकाने सांगितलं. चष्मेवाल्यांनी त्याचा नंबर अर्ध्याने वाढवला आणि मगच छताकडे पाहिलं.

"आजपासून पत्ती बंद," मुलगी म्हणाली आणि तिने पिशवीतून शंभर टी-बॅगांचं खोकं काढून ओट्यावर ठेवलं. "एक कप, एक बॅग. झालं की कचऱ्यात. सिंकचा संबंध नाही."

"दोऱ्याला टांगलेला चहा मी पीत नाही."

"का?"

"दोरा कपड्याला असतो. चहाला नसतो."

"बाबा, पुन्हा सिंक तुंबलं तर मी काही ऐकणार नाही. कपडे भरायचे आणि माझ्याकडे राहायला यायचं. मागची खोली रिकामीच आहे."

मुलीचं घर चांगलं होतं. खोलीला खिडकी होती. तिथे मास्तरांना कोणी काही बोललं नसतं, आणि हीच अडचण होती. इथे निदान ते स्वतःशी बोलत.

"आणि हा डबा?" मुलीने फळीवरच्या हिरव्या डब्याला हात लावला.

तो पत्तीच्या कंपनीचाच, किलोभराचा डबा होता. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी बायकोने तो झाकणापर्यंत भरला होता. "मी येईपर्यंत पुरेल. झाकण नीट लावत जा," असं म्हणाली होती. ती आली नाही. झाकण मास्तर नीट लावत होते. डब्यात पाव हिस्सा उरला होता.

"देऊन टाकतो कुणाला तरी," मास्तर म्हणाले, आणि मुलगी गेल्यावर त्यांनी डबा मशीनच्या मागे अस्तराच्या कापडाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रामाणिकपणे एक टी-बॅग कपात बुडवली, वर काढली, परत बुडवली. कपातल्या पाण्याला कोणीतरी लांबूनच चहाची ओळख करून दिली होती, इतकंच. "पत्ती ती पत्ती," ते रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाले. हे वाक्य ते बायकोलाही रोज ऐकवत. ती "हो ना" म्हणे.

आता प्रश्न असा होता की मुलगी एक दिवसाआड येई आणि दोन गोष्टी तपासे. गाळणी कोरडी हवी आणि कचऱ्याच्या डब्यात वापरलेल्या टी-बॅगा हव्यात. पत्ती प्यायची तर चोथा येणार, आणि बॅगा फेकायच्या तर त्या आधी वापरायला हव्यात. मास्तरांनी आयुष्यभर एका माणसाचा कोट उसवून दुसऱ्याला बसवला होता. त्यांनी लहान कात्री घेतली.

या कात्रीचा एक इतिहास होता. कात्रीने कागद कापला की कात्री मेली, हा शिंप्याच्या घरातला पहिला नियम. तरी गेली काही वर्षं ही लहान कात्री महिन्याभरात बोथट व्हायची. मास्तरांनी बायकोला कितीदा विचारलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं असे, "मी कशाला कागद कापू? मला काय शाळेत जायचंय?" मग मास्तर धार लावणाऱ्याला दोष देत. त्यांनी तीन धारवाले बदलले होते.

आता त्यांनी स्वतःच नियम मोडला. बॅगची एक कड कापली, आतला भुगा बटणांच्या रिकाम्या बरणीत ओतला, कारण शिंपी कतरणसुद्धा टाकत नाही. मग हिरव्या डब्यातली चमचाभर पत्ती आत भरली आणि सुईने तोंड शिवून टाकलं. आधी साधा धावदोरा घातला. तो त्यांना बरा दिसेना. तिसऱ्या बॅगला उलटी टीप घातली, सातव्या बॅगला दुमड. अठराव्या बॅगपर्यंत कोपऱ्यातली चुणीही गेली.

बॅग पातेल्यात टाकून, बायको उकळायची तेवढी उकळली. चहा झाला. चोथा पिशवीत राहिला, पिशवी कचऱ्यात गेली आणि सिंक आरशासारखं राहिलं.

दोन दिवसांनी मुलगी आली. तिने कचऱ्यात डोकावलं, गाळणीवर बोट फिरवलं आणि समाधानाने खुर्चीवर बसली. मास्तरांनी तिच्यापुढे कप ठेवला. ती एक घोट घेऊन थांबली.

"बाबा, हा आईच्या हातचा लागतोय."

"हो का?"

"अगदी. बघा, मी म्हणत नव्हते? पत्ती पत्ती करत बसला होतात. शेवटी पिशवीच बरी निघाली की नाही?"

हे मास्तरांना चहाबरोबर गिळावं लागलं. मुलीने पातेल्यातली बॅग चमच्याने वर काढून उजेडात धरली.

"याला टाके घातलेत?"

"चांगली कंपनी दिसतेय."

"आणि केवढे बारीक."

"हातशिलाई असणार," मास्तर म्हणाले. एवढं खरं बोलायची संधी त्यांना सोडवली नाही.

जाताना तिने ऑफिससाठी वीस नेल्या. दोन दिवसांनी आणखी तीस नेल्या. मग चष्मेवाले वर आले.

"आठ दिवस काही गळलं नाही," ते म्हणाले. "म्हटलं, मास्तर बरे आहेत ना ते बघून यावं."

त्यांना चहा द्यावा लागला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांसाठी म्हणून दहा बॅगा मागितल्या, आणि ज्यांच्या तक्त्यावर आपण चहा सांडला त्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून मास्तरांनी पंधरा दिल्या. नाही म्हणायला कारण लागतं. खरं कारण सांगितलं तर डबा बाहेर येणार, डबा आला की मुलगी बोलणार, आणि मग मागची खोली होतीच.

मास्तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चहा शिवू लागले. खुंटीवर चार पँटी लोंबकळत राहिल्या. एक बँकेतला माणूस दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मास्तर, मी आता उंच होईन तेव्हा द्या." मास्तरांना त्यात वाईट काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष डब्याकडे होतं. पत्ती चार बोटं राहिली, मग दोन. डब्याचा तळ त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि त्यांना तो पाहायचा नव्हता. दोन महिने त्यांनी काटकसरीने प्यायलेली पत्ती आता मुलीच्या ऑफिसातले अनोळखी लोक पीत होते आणि वर बिस्किटं बुडवत होते.

त्यात मुलीचा फोन आला. "बाबा, परवा ऑफिसात मीटिंग आहे. बाहेरची माणसं येणार. पन्नास बॅगा लागतील. संध्याकाळी येते घ्यायला."

मास्तर रिकामा होत आलेला डबा बगलेत मारून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. या दुकानात ते आयुष्यात पहिल्यांदाच काही घ्यायला आले होते. दुकानदाराने डबा लगेच ओळखला.

"काकूंचा डबा."

"ही पत्ती पाहिजे. किलोभर."

"ही बंद झाली, मास्तर."

"कधी?"

"सात वर्षं झाली असतील. कंपनीच बुडाली."

"भलतंच. अडीच महिन्यांपूर्वी भरलाय हा."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"मास्तर, आता सांगायला हरकत नाही. पत्ती बंद झाली तेव्हा काकू इथेच डोक्याला हात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, त्यांना दुसरी चालायची नाही, घर डोक्यावर घेतील. दोन-तीन पत्त्या नेऊन बघितल्या. तुम्ही नाकं मुरडलीत म्हणे. मग त्यांनी या नेल्या." त्याने मागच्या फळीवरून एक खोकं काढून पुढे ठेवलं. शंभर टी-बॅगा. मुलीने आणलेलं खोकं हेच होतं. "घरी कापून डब्यात ओतायच्या. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाल्या, काही बोलले नाहीत हो, दोन कप प्याले."

मास्तरांनी खोकं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"शेवटी आल्या तेव्हा पाच खोकी एकदम नेली," दुकानदार म्हणाला. "मी विचारलं, पाहुणे येणार का? तर म्हणाल्या, नाही, मला थोडे दिवस बाहेर जायचंय."

पाचशे बॅगा. मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. लहान कात्रीने, एकेक करून, त्यांच्या नकळत. त्यांनी धारवाल्यांपैकी निदान दोघांची माफी मागायला हवी होती.

"पण मी हा चहा पिऊन बघितलाय. पाणचट लागतो."

"उकळलात की बुडवलात?"

मास्तरांनी डबा पुन्हा बगलेत मारला.

घरी येऊन त्यांनी बटणांची बरणी घेतली. फेकवत नाही म्हणून ठेवलेला सगळा भुगा त्यात होता. त्यांनी तो हिरव्या डब्यात ओतला. डब्यात पुन्हा चार बोटं पत्ती झाली. झाकण नीट लावून त्यांनी डबा मशीनमागे न ठेवता फळीवर, त्याच्या जागी ठेवला. मग खोक्यातली एक न कापलेली बॅग पातेल्यात टाकून दहा मिनिटं उकळली आणि प्यायले. तोच चहा होता. त्यात काडीचाही फरक नव्हता.

संध्याकाळी मुलगी आली. मास्तरांनी तिला तसाच, न शिवलेल्या बॅगचा चहा दिला. आता लपवाछपवी संपली, एवढं सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. मुलीने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा तो नाही."

"तोच आहे."

"नाही, बाबा. मला कळतं. त्या टाक्यांच्या बॅगा वेगळ्या. त्यांची चव याला नाही."

"कंपनी एकच आहे."

"असेल. पण टाक्यांची ती टाक्यांची. त्याने आईची आठवण येते. तुम्हाला नाही कळायचं."

मास्तरांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. सात वर्षं रोज सकाळी कोणीतरी त्यांच्यासमोर बसून हेच ऐकून घेतलं होतं आणि हसू आवरलं होतं.

"हो ना," ते म्हणाले. "टाक्यांच्या संपल्यात. उद्या दुपारपर्यंत मागवून ठेवतो पन्नास."

"नक्की?"

"नक्की."

मुलगी खूश झाली. तिच्या बाहीला एक दोरा लोंबत होता, तो कापायला तिने मशीनवरची लहान कात्री उचलली. दोन-तीनदा दाबून पाहिली. दोरा नुसता दुमडला.

"केवढी बोथट झालीय ही. बाबा, कागद कापता की काय हिने?"

"मी कशाला कागद कापू?" मास्तर म्हणाले. "मला काय शाळेत जायचंय?"